कंपनी जबाबदार आहे का, हे गावाने कसं ओळखायचं?

मांजराकाठ (धागाकर्ती)

आमच्या गावाजवळ धान्यापासून इथेनॉल काढायचा कारखाना येऊ घातला आहे. बीड जिल्हा, मांजरेचं खोरं, याहून नेमकं इथे लिहीत नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. कंपनीला ग्रामपंचायतीचा ठराव हवा आहे, म्हणून त्यांची माणसं जाड फाइल घेऊन आली होती. फाइलीत आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र, वृक्षारोपणाचे फोटो, दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्यांच्या कारखान्याला मिळालेला कसलासा हरित पुरस्कार आणि सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाचा, चकचकीत अहवाल आहे. वर शाळेला बाकं, आरओचं यंत्र आणि सभामंडपाचं आश्वासन.

गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात, पोरं चाकण-रांजणगावला जायची थांबतील. काही म्हणतात, विहिरी जातील. दोघांचंही म्हणणं काळजीतून आलेलं आहे आणि मला दोन्ही तपासायचं आहे.

फाइल वाचून माझं एक मत झालंय. कंपनी ज्याला 'आमचं' म्हणते ते बहुतेक नीटच असतं. झाडं, शाळा, पुरस्कार, सगळं नीट. तिचा खरा स्वभाव कळतो तो ती ज्याला 'ते आमच्याकडे येत नाही' म्हणते तिथे. मी विचारलं, पोती उतरवायला हमाल किती लागतील आणि त्यांचा पीएफ कोण भरणार? उत्तर आलं, ते लेबर कॉन्ट्रॅक्टर बघेल. उन्हाळ्यात पाणी? टँकर पुरवठादाराशी बोलणं झालंय. बॉयलरची राख? वीटभट्टीवाले घेऊन जातील. मका कुणाकडून घेणार? व्यापाऱ्यामार्फत. म्हणजे ज्या चार गोष्टींचा आमच्या गावाशी रोजचा संबंध येणार, त्या चारही कंपनीच्या हिशेबाबाहेर.

मला हे प्रश्न पक्के करून हवेत. कागद कुठे मिळतात, त्यात काय बघायचं, प्रत्यक्ष जाऊन काय बघायचं? कारखान्यात काम केलेले, शेती करणारे, ऑडिट करणारे, सगळ्यांनी लिहा. विरोधी मतही हवंय.

वाळूज_जनरल_शिफ्ट

धागा गरजेचा आहे. मी वाळूज एमआयडीसीत सेफ्टीला आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत.

आधी प्रमाणपत्रांचं. आयएसओ १४००१ सांगतं की कंपनीकडे पर्यावरणाचं काम सांभाळायची एक पद्धत आहे. नाल्यात जाणारं पाणी स्वच्छ आहे असं ते सांगत नाही. प्रमाणपत्रावर पत्ता आणि व्याप्ती लिहिलेली असते ती वाचा. पुष्कळदा ते मुख्य कार्यालयाचं किंवा एकाच प्लांटचं असतं आणि दाखवलं जातं सगळ्या कंपनीचं म्हणून. आणि कुणी 'आयएसओ २६००० प्रमाणित' असं छापलं असेल तर तिथेच सावध व्हा. सामाजिक जबाबदारीवरचं ते मानक २०१० सालचं आहे, त्यात फक्त मार्गदर्शन आहे. त्याचं प्रमाणपत्र दिलंच जात नाही.

दुसरं, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे का? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला आहे. कंपनीच्या वेबसाइटवर वार्षिक अहवालात सापडतो. गुळगुळीत परिच्छेद सोडून द्या, तक्ते बघा. कायम कामगार किती आणि 'कायम नसलेले' किती. किमान वेतनाइतकंच मिळणारे किती आणि त्याहून जास्त मिळणारे किती. बाईचं आणि पुरुषाचं मध्यम वेतन. अपघाताचे आकडे. पाणी नदीचं किती, जमिनीखालचं किती, बाहेरून घेतलेलं किती. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे: पाणीटंचाईच्या भागातून किती पाणी उचललं हा प्रश्न त्या अहवालात ऐच्छिक भागात टाकलेला आहे. मराठवाड्याला जो प्रश्न सगळ्यात आधी पडतो, त्याचं उत्तर द्यायचं की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. ज्या कंपनीने ते ऐच्छिक उत्तर मनापासून भरलंय, तिला मी जास्त गुण देतो.

तिसरं, ठेकेदार. ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं. कोणत्या महिन्यात किती माणसांचा पीएफ भरला ते दिसतं. कंपनीच्या नावाने शोधलंत तर चित्र छान दिसेल. तिच्या चालू कारखान्यातल्या ठेकेदाराचं नाव मागा आणि त्या नावाने शोधा. आत दीडशे माणसं राबताना दिसतात आणि भरणा चाळिसांचा, असं असेल तर बाकी अहवाल वाचायची गरज नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायद्यातच आहे. 'कॉन्ट्रॅक्टर बघेल' हे उत्तर म्हणून चालत नाही.

कोरडवाहू

मी लातूरकडचा. पाण्याचं लिहितो, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेवरून आमच्या शहराला रेल्वेने पाणी आलं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायला लावलं, इतर उद्योगांचंही कापलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. हे आपल्याकडं पुन्हा होणार नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षाचा आकडा घेऊन येणाऱ्या कंपनीला मी एकच विचारतो: दुष्काळाच्या वर्षी तुम्ही काय करणार? उत्पादन कमी करणार का? किती? लिहून देता का? धरणातलं पाणी पिण्यासाठी राखीव झाल्यावर तुमचा बॉयलर कशावर चालणार?

टँकर म्हणायलेत, पण टँकर भरतो कुठं? शेजारच्या शिवारातल्या कुणाच्या तरी बोअरवरच ना. बोअरवाल्याला पैसा मिळतो, बाजूच्या तिघांची मोटर कोरडी फिरते, आणि कंपनीच्या कागदावर जमिनीखालचं पाणी शून्य. ताई, तुमचा मुद्दा इथं शंभर टक्के लागू पडतो. टँकरच्या पाण्याचा उगम विचारा, गट नंबरासहित.

अजून एक. कारखाना यायच्या आधी गावातल्या विहिरी-बोअरची पातळी मोजून ठेवा. मार्चमध्ये आणि मेमध्ये. पाणी बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा. आज हे केलं नाही तर दहा वर्षांनी 'पाणी आधीपासूनच खारं होतं' असं ऐकून घ्यावं लागेल आणि आपल्या हातात काही नसेल.

जालना_भट्टी

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. माझं जालन्यात लहान युनिट आहे, पोलादाचंच काम.

उद्योग आला की गाव संशयाने बघतं, हे मी सहन केलेलं आहे. मराठवाड्यातून माणूस बाहेर जातो तो हौसेने जात नाही. ज्या गावात कारखाना नाही ते गाव स्वच्छ राहतं आणि रिकामंही होतं. कंपनी जबाबदार आहे का हे तपासताना ती किती घरं उभी करते हेही त्याच तराजूत घ्या.

लहान माणसाकडे अहवाल लिहायला विभाग नसतो. माझ्याकडे एकही चकचकीत पुस्तिका नाही, पण पगार सात तारखेच्या आत होतो आणि भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला चष्मा, गमबूट, जाकीट असतं. वितळलेल्या लोखंडाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला कागद वाचवत नाही. तेव्हा फाइल नाही म्हणून बेजबाबदार, असं ठरवू नका. उलटही खरं आहे.

तुमच्या यादीत एक प्रश्न माझ्याकडून घाला: मोठी कंपनी लहानांचे पैसे कधी देते? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. तरी आम्ही वाट बघत बसतो. आमचे पैसे अडकले की आमच्या मजुराचा पगार अडकतो, आणि मग बोट आमच्याकडे. जी कंपनी लहान पुरवठादाराला वेळेवर पैसे देते ती शेतकऱ्यालाही देईल. साखर कारखान्यांना उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. तुमच्या कंपनीचा कुठे साखर कारखाना असेल तर साखर आयुक्तालयाच्या थकबाकीच्या यादीत नाव आहे का बघा. मक्याला एफआरपीसारखं संरक्षण नाही, म्हणून जास्त जपा.

फडावरची_लेक

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मी शिकले, आता आरोग्य खात्यात आहे. 'ते आमच्याकडे येत नाही' या वाक्याबद्दल मला लिहायचंच आहे.

कारखाना मुकादमाशी करार करतो. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. उचल फिटेपर्यंत काम. हिशेब मुकादमाच्या वहीत. त्यामुळे कारखान्याच्या हजेरीपटावर माझी आई कधीच नव्हती. तिच्या हातचा ऊस गाळपाला गेला, तिचं नाव मात्र कुठेच गेलं नाही. तिच्या वाट्याची निम्मी मजुरीसुद्धा कोयता म्हणून वडिलांच्याच नावावर लागायची.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा झाला तर दंड, फडावर संडास नाही, पाणी नाही, आणि दुखणं अंगावर काढलं की दवाखान्यात 'पिशवी काढून टाका'. या बायकांना कामावर ठेवणारा कोण, असं विचारलं तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. साखर विकत घेणारी मोठी कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते. आणि अहवालात 'महिला सक्षमीकरण' या मथळ्याखाली शिलाई मशीन वाटल्याचा फोटो असतो.

म्हणून मी बाईपासून तपासते. त्यांच्या चालू कारखान्यात जा आणि ठेक्यावरच्या बायका कुठे काम करतात ते विचारा. झाडू, धान्य पाखडणं, पोत्यांची शिलाई, कँटीन. त्यांच्यासाठी संडास किती लांब आहे? त्याला कडी आणि पाणी आहे का? लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लागते. तिच्यातल्या एका तरी बाईचं नाव झाडू मारणाऱ्या बाईला माहीत आहे का? ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर लागतं. ते उघडं आहे की त्यात सामान भरलंय? हे सगळं जाऊन, बाईने बाईला विचारूनच कळतं. साहेब सोबत असताना विचारू नका.

मांजराकाठ (धागाकर्ती)

तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या गावातूनही टोळ्या जातात. कंपनीने आम्हाला चालू कारखाना दाखवायला गाडी पाठवायची तयारी दाखवली आहे. त्या गाडीने जायचं नाही, हे मी सदस्यांना सांगितलंय. आपण आपल्या खर्चाने जाऊ.

कागदांबद्दल कुणी सांगेल का? प्रदूषण मंडळाचं काय काय मागायचं?

परभणीकर_केमिस्ट

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत होते, मग पर्यावरण सल्लागारांकडे काम केलं. जमेल तितकं लिहिते.

पहिला कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, आपण ज्याला कन्सेंट म्हणतो. मंडळाच्या वेबसाइटवर बहुतेक मिळतं. त्यात रोज किती उत्पादन, किती पाणी, किती सांडपाणी, कोणतं इंधन, किती घातक कचरा, सगळ्याची कमाल मर्यादा असते. उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा अशा वर्गांत टाकलेलं असतं. आसवनी, म्हणजे दारू किंवा इथेनॉल काढायचा कारखाना, लाल वर्गात येते. दुसरा कागद पर्यावरण मंजुरी, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत, द्यायचा असतो आणि तो लोकांना बघता यायला हवा. तिसरा, पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म पाच. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं. त्यात उत्पादनाच्या एका एककामागे किती पाणी लागलं ते असतं.

आता खरं काम: हे तीन कागद शेजारी ठेवा. परवानगी एका आकड्याची, विवरणपत्रात दुसरा, आणि वार्षिक अहवालात विक्रीचा आकडा तिसराच निघतो. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. विक्री माहीत असेल तर मका किती आला, ट्रक किती आले, हिशेब तुम्हीच मांडू शकता. तुमच्या रस्त्यावरून दिवसाला किती ट्रक जाणार तेही यातूनच कळेल, आणि शाळेच्या वेळेचा विचार करता येईल.

मळीपासून दारू किंवा इथेनॉल काढलं तर दर लिटरमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचं सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी, उग्र वास. धान्याच्या कारखान्यात चित्र वेगळं असतं. तिथला चोथा वाळवून पशुखाद्य विकतात, त्यामुळे नीट चालवला तर तो खूपच बरा. पण ड्रायर बंद पडला की ओला चोथा साठतो, कुजतो. कंपनी 'बाहेर एक थेंबही सोडत नाही' असं सांगेल. तसं बंधनच आहे. तुम्ही विचारा, ड्रायर आणि बाष्पीभवन यंत्रणा बंद असते तेव्हा उत्पादन थांबवता का, आणि त्या यंत्रणेचं वीजबिल किंवा वाफेची नोंद दाखवता का. यंत्रणा बसवणं एकदाचं असतं, चालवायला रोज पैसा लागतो.

एक गोष्ट तुमच्या गावाने नीट समजून घ्यावी. मोठ्या प्रकल्पाला जिल्हाधिकाऱ्यांसमोर जनसुनावणी लागते, ३० दिवस आधी नोटीस. पण २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि फक्त पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल काढणाऱ्या अनेक प्रकल्पांना सुनावणीशिवाय मंजुरीची वाट मोकळी झाली. ती सवलत अजून चालू असेल आणि तुमचा प्रकल्प त्यात बसत असेल तर सुनावणीची वाट बघत बसू नका. ग्रामसभा हीच तुमची सुनावणी.

चालू कारखाना बघायला जाल तेव्हा फाटकाच्या आत जायच्या आधी नाल्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीवर जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शक्यतो रात्री. विहीरवाल्याला पाणी कसं लागतं विचारा. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात नाल्याचा रंग कसा असतो विचारा, कारण साठवलेलं सोडायचं असेल तर तेव्हाच सोडतात. जनावरांच्या डॉक्टरला विचारा. मग आत जा.

नांदेडचा_सीए

सीएसआरबद्दल थोडक्यात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचेच. हा कायद्याने ठरवलेला खर्च आहे, त्याला उपकार समजू नका. बाकं आणि आरओ त्याच पैशातून येणार. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीनिहाय, जिल्हानिहाय आकडे दिसतात. त्यांचा चालू कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथे किती खर्च झाला आणि मुंबई-पुण्यात किती, ते बघा. नफा कसा कमावला हे बाकीचे ९८ टक्के सांगतात, म्हणून वरच्या सगळ्यांचे प्रतिसाद माझ्या या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे.

आणि ठरावाच्या आधी मिळालेली कुठलीही वस्तू घेऊ नका. आरओ सुद्धा नाही.

कोरडवाहू

जालनेकर भाऊ, नोकऱ्यांचं तुमचं म्हणणं मनाला पटलं. पण त्यात एक भर. राज्याच्या धोरणात ८० टक्के स्थानिक म्हणतात, तो स्थानिक म्हणजे राज्यातला रहिवासी. आपल्या तालुक्यातला असं त्यात कुठंच नाही. तेव्हा गावाने गावापुरतं लिहून घ्यावं. कोणतं काम, किती जागा, त्यासाठी आयटीआयचा कोणता ट्रेड, आणि प्रशिक्षण कोण देणार. बॉयलर अटेंडंट बाहेरून आणायचा आणि आपली पोरं पोत्यांवर, असं व्हायला नको.

जालना_भट्टी

मान्य. माझ्याकडे बॉयलर नाही, पण ओळखीत प्रमाणपत्रवाला निवृत्त माणूस आहे. ताईंना हवं तर तो गावात येऊन मुलांशी बोलेल. जेवणाशिवाय काही घेणार नाही.

मांजराकाठ (धागाकर्ती)

नक्की बोलवा. आयटीआयचे दोन मुलगे मला आत्ताच माहीत आहेत.

ग्रामसभेत मांडायचा मसुदा लिहायला घेतलाय. कंपनीने ठेकेदाराचं नाव आणि पीएफ क्रमांक कळवायचा. टँकरचा उगम गट नंबरासह. धरणसाठा पिण्यासाठी राखीव झाला की उत्पादन किती टक्के कमी करणार ते स्टँपपेपरवर. मका घेतल्यापासून किती दिवसांत पैसे, तेही. राख आणि चोथा कुणाला दिला त्याची नोंदवही दर महिन्याला ग्रामपंचायतीत. विहिरींची मोजणी आम्ही या मार्चपासून सुरू करतोय, बचत गटाच्या बायका करणार आहेत, टेप आणि वही आणली आहे.

यातलं एखादं कलम कंपनीने नाकारलं तर ठरावात नकारासकट नोंदवणार. कोणतं नाकारलं त्यावरून गावाला बरंच कळेल.

परभणीकर_केमिस्ट

विहिरींच्या वहीत मोजणीची तारीख आणि त्याआधी मोटर किती तास बंद होती ते न चुकता लिहा, नाहीतर आकडा टिकत नाही. पाण्याचे नमुने घेताना बाटल्या माझ्याकडून घ्या, मी रविवारी अंबाजोगाईला येणार आहे.

फडावरची_लेक

मसुद्यात बायकांच्या संडासाचं आणि पाळणाघराचं कलम राहिलं, ते घाला. आणि ग्रामसभेच्या आधी कायद्याने महिला सभा घ्यावी लागते, ती खरंच घ्या, नुसत्या सह्या नकोत. ऊसतोडीला गेलेल्या बायका एप्रिलशिवाय परत येत नाहीत. त्या आल्यावरच सभेची तारीख धरा.